खिडकीतून आलेली महामाया

पापनिवेदन संपलं, फादरांनी प्रायश्चित्त सांगितलं, आणि पुष्पाबाई साळवे क्षणभर तशाच गुडघ्यांवर बसून राहिल्या. दहा वेळा ‘नमो मारिया’ म्हणा, असं काहीतरी त्यांना वाटलं होतं. तेवढं त्यांनी चर्चपासून खामगावच्या बस स्टँडवर पोचेपर्यंत उरकलंही असतं. पण फादर म्हणाले, “आज संध्याकाळपर्यंत कोणीही काही मागितलं तर नाही म्हणू नका. आणि देताना कपाळाला आठी घालू नका.”

“आठीचं काय आपल्या हातात रायते का, फादर?” त्यांनी जाळीतून हळूच विचारलं.

“प्रयत्न करा,” फादर म्हणाले.

आता याला त्यांचा स्वतःचाच तोंडाळपणा कारण होता. पापनिवेदनात त्या स्वतःच फादरांना म्हणाल्या होत्या की मी कोनाचं वाईट नाई करत, पन चांगलं करतानी बोलतो फार. ते खरंच होतं. जळगाव जामोदच्या त्यांच्या गल्लीत कोणी आजारी पडलं की डबा पुष्पाबाईंकडून जायचा, पण डब्यासोबत चार शब्दही जायचे. आधीच दवाखान्यात काऊन नाई गेले, उन्हातान्हात काऊन हिंडता, असे. लोक डबा घेत आणि शब्द सोडून देत. घरी मात्र सून होती, तिला ते शब्द सोडून देता येत नव्हते. मयुरी लग्न होऊन आली त्याला वर्षही झालं नव्हतं. तिनं चिरलेला कांदा पुष्पाबाई पुन्हा बारीक करायच्या, तिच्या हातातला झारा काढून घ्यायच्या, आणि तिनं घातलेल्या घड्या मोडून नव्यानं घालायच्या. मयुरी नुसती बाजूला सरकायची. तिचं ते सरकणं पुष्पाबाईंना रात्री झोपताना आठवायचं, आणि दर महिन्याला त्या तेच पाप घेऊन खामगावला यायच्या.

त्यातून आज मयुरीचे आईवडील अकोल्याहून येणार होते, लग्नानंतर पहिल्यांदाच. उपवासकाळ चालू असला तरी रविवार होता, म्हणून मटण करायचं ठरलं होतं. ‘तू फक्त कांदा-खोबरं भाजून ठेव, बाकी मी येऊन करतो,’ असं सुनेला बजावून पुष्पाबाई पहाटेच चर्चमधल्या रविवारच्या उपासनेसाठी, मिस्सेसाठी, निघाल्या होत्या. आता त्यांना घर गाठायची घाई होती.

स्टँडवर लग्नसराईची गर्दी उसळली होती. जळगावची गाडी लागली तशी पुष्पाबाईंनी खिडकीतून पिशवी टाकून जागा धरली आणि कोपरं मारत आत शिरल्या. शेजारी नऊवारीतली एक वयस्क शेतकरी बाई येऊन बसली. नांदुऱ्याच्या पुढं तिचं गाव होतं, नाव वच्छलाबाई. बाहेर लगेच पलीकडे सोनाळ्याची गाडी उभी होती, दोन्ही गाड्यांच्या मधल्या बोळात माणसं माणसांना ढकलत होती.

त्या बोळातून एक तरुण पोरगी वर तोंड करून म्हणाली, “काकू, एवढी पोरगी धरा बरं. मी दरवाज्यातून चढतो.”

पुष्पाबाईंच्या कपाळावर आठी यायला निघाली होती, ती त्यांनी मोठ्या कष्टानं परत पाठवली. “दे,” त्या म्हणाल्या. खिडकीतून निळ्या फ्रॉकातलं पाच-सहा महिन्यांचं एक गुटगुटीत लेकरू आत आलं आणि त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्याकडे टकमक पाहायला लागलं. आई गर्दीत दिसेनाशी झाली. थोड्याच वेळात दोन्ही गाड्या पाठोपाठ स्टँडच्या बाहेर पडल्या.

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. आई मागं कुठंतरी उभी असेल, गर्दी उतरली की येईल, असं धरून पुष्पाबाई लेकराला खेळवत बसल्या. हातातली जपमाळ त्या पोरीनं कधी ओढून घेतली आणि तिचा क्रूस तोंडात घातला, कळलंही नाही. घेऊ दे, त्यांनी मनात म्हटलं, मागितलं तर नाही म्हणायचं नाही.

कंडक्टर हिंमतराव मागून तिकिटं फाडत पुढं आला तोवर नांदुऱ्यापर्यंतचा निम्म्याच्या वर रस्ता सरला होता.

“मावशी, लेकरू तुमचं?”

“नाई रे भाऊ. याची माय मांगं उभी हाय.”

“मांगं?” हिंमतरावानं वळून पाहिलं. “मांगं त सारी वऱ्हाडाची मंडळी हाय. निळ्या फ्रॉकातल्या पोरीची माय कोन हाय हो?” त्यानं मोठ्यानं विचारलं. मग आणखी मोठ्यानं विचारलं. माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. एकही बाई पुढं आली नाही.

पुष्पाबाईंनी लेकराला दोन्ही हातांनी धरलं.

“काय म्हने थे तुमाले?” हिंमतरावानं विचारलं.

“दरवाज्यातून चढतो म्हने.”

“कोन्त्या गाडीत चढतो, हे नाई सांगतलं?”

आणि ते बोलता बोलताच त्याच्या ध्यानात आलं. “बाजूले सोनाळ्याची गाडी होती. थ्या गाडीत गेली असन बिचारी. लेकरू या गाडीत देल्लं अन् चढली थ्या गाडीत. तिकडे बी अशीच गर्दी असन, तिले वाटत असन लेकरू पुढं बसलं हाय.” त्यानं खिशातून फोन काढला आणि सोनाळ्याच्या गाडीवरच्या कंडक्टरला लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. “तिकिटं फाडून राह्यला असन. गर्दीत आइकू नाई येत.”

पुढच्या सीटवरचा एक माणूस इतका वेळ मान वळवून पाहत होता. त्याची नजर लेकराच्या तोंडातल्या क्रूसावर होती. तो म्हणाला, “बाई, तुमी मिशनवाल्या ना? पोट्टं घेऊन कोठी चालल्या मंग?”

पुष्पाबाईंच्या जिभेवर असं उत्तर आलं होतं की तो माणूस जन्मभर विसरला नसता. पण मांडीवरचं लेकरू त्यांच्याकडे बघून हसत होतं, आणि आवाज चढवला तर ते घाबरलं असतं. त्यांनी ओठ आवळून धरले.

उत्तर वच्छलाबाईंनी दिलं. “माह्या डोयासमोर आलं थे लेकरू खिडकीतून. तिच्या मायनं सोताच्या हातानं देल्लं. या बाईनं मांगतलं नव्हतं.” मग पदर सावरत त्या माणसाला म्हणाल्या, “तुमी धरता का? धरा.” माणूस मान वळवून समोर पाहायला लागला.

गाडी थांबवून ठेवणं हिंमतरावाच्या हातात नव्हतं. “नांदुऱ्याले स्टँडवर पोलीस रायते. त्याच्याजवळ देऊन टाका, मावशी. तुमच्या मांगं काऊन ताप?”

“पोलिसाले सांगू ना,” पुष्पाबाई म्हणाल्या. “पन लेकराले घेऊन मीच बसतो. तिच्या मायनं माह्याजवळ देल्लं. ती येईल तवा तिले माह्याच मांडीवर दिसलं पायजे.”

असं त्या बोलून गेल्या आणि मग मयुरी आठवली, अकोल्याचे पाहुणे आठवले, आणि घरी तसंच पडलेलं मटण आठवलं. पण बोलून झालं होतं. हिंमतरावानं त्यांचा नंबर घेतला. तिकडचा फोन लागेपर्यंत लावत राहतो, म्हणाला. नांदुऱ्याला पुष्पाबाई उतरल्या तर त्यांच्यामागून वच्छलाबाईही आपलं गाठोडं घेऊन उतरल्या.

“तुमचं गाव त पुढं हाय.”

“हाय ना. गाव काय पयून चाललं? कोनं इचारलं त सांगाले मानूस पायजे तुमच्या बाजूनं.”

स्टँडवरच्या पोलिसानं सगळं ऐकून घेतलं, दोघींची नावं टिपली, ठाण्यात आणि खामगावला फोन करतो म्हणाला, आणि पंख्याखालच्या बाकावर त्यांना बसवलं. पुष्पाबाईंनी घरी फोन लावला. काय झालं ते मयुरीला सांगताना त्यांचाच त्यांच्यावर विश्वास बसेना.

“आई, तुम्ही ठीक आहात ना?” मयुरीनं पहिलं तेच विचारलं.

“मी ठीक हाव. पन मले उशीर होईल. तुह्ये मायबाप येतीन अन् मटन…” पुढचं त्यांनी ओठांतच धरलं. मटण आधी हळद-मीठ लावून ठेव, खोबरं करपू देऊ नको, पाणी गरमच घाल, असं सगळं जिभेवर आलं होतं.

“मी करते ना,” मयुरी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “करू का?”

त्या ‘करू का’नं पुष्पाबाईंना कसंतरीच झालं. स्वतःच्याच घरात ही पोरगी असं विचारते. आणि ते तिला शिकवलं कोणी? “कर बाप्पा,” त्या म्हणाल्या. “तुले येते तसंच कर.”

फोन ठेवला आणि लेकरू रडायला लागलं. आधी कुरकुर झाली, मग हुंदके, मग तोंड लाल करून असा आकांत की स्टँडवरचे लोक वळून पाहायला लागले. वच्छलाबाईंनी खांद्यावर घेऊन फिरवलं, चहावाल्यानं चमचा आणि वाटी वाजवून दाखवली. फ्रॉक ओला झाला होता, तो पुष्पाबाईंनी नळावर धुऊन काढला आणि पोरीला आपल्या पदरात गुंडाळलं. पण दुखणं वेगळंच होतं. पोरगी तोंड वळवून वळवून त्यांच्या छातीशी शोधत होती.

“भुकेजलं,” वच्छलाबाई म्हणाल्या. “बाहेरचं दूध द्याव, त पोट बिघडलं त मायले काय सांगता?”

कोणी काही मागितलं तर नाही म्हणू नका, असं फादर म्हणाले होते. आपल्यालाच मागायची वेळ आली तर काय, ते बोलले नव्हते. आणि मागणं हे पुष्पाबाईंना कधी जमलं नव्हतं. आयुष्यात त्यांनी शेजारणीकडून वाटीभर साखरही आणली नव्हती. पण समोरच्या बाकावर एक तरुण बाई आपल्या तान्ह्या पोराला पाजून नुकतीच बसली होती, आणि शेजारी तिची सासू होती. पुष्पाबाई उठून तिच्यापुढं उभ्या राहिल्या.

“बाई, हे लेकरू माह्यं नोहे. याची माय चुकली. येऊन राह्यली थे, पन याले भूक लागली. तू… जराशी पाजशील का?”

सासूनं मान वर केली. “कोनाचं हाय?”

“माईत नाई.”

“माईत नाई म्हंजे?” सासूचा चेहरा आक्रसला. जात, गोत, घर, सगळं त्या एका प्रश्नात होतं. पण सुनेनं तोवर आपलं पोर सासूच्या मांडीवर ठेवलं होतं आणि हात पुढं केले होते. “आना,” ती म्हणाली. “आत्याबाई, आपला गोलू जर असा रडून राह्यला असता त?” सासूनं गोलूला नीट मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं तिनंच आपला पदर पसरून सुनेला आडोसा केला.

आकांत थांबला. स्टँडभर एकदम शांत वाटलं. त्या सुनेचं नाव जयमाला. पाजून झाल्यावर तिनं लेकराला खांद्यावर टाकून ढेकर काढली, पुष्पाबाईंच्या हातात परत दिलं आणि आपली गाडी लागली तशी निघून गेली. धन्यवाद म्हणायचंही राहून गेलं.

पुष्पाबाईंनी मग बाकावर बसून डोळे मिटले. हरवलेल्या वस्तूंसाठी त्या नेहमी संत अंतोनीला सांगायच्या. कात्री, चष्मा, कपाटाची किल्ली, काय काय त्यानं शोधून दिलं होतं. इथं वस्तू नव्हती, आख्खी आई हरवली होती. ‘अंतोनी बाबा,’ त्या मनात म्हणाल्या, ‘एवढी माय आनून दे. बाकी काई नाई मांगत आज.’

फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

“काकू?” पलीकडचा आवाज इतका फाटलेला होता की शब्द कळेनात. “काकू, माही पोरगी… थे कंडक्टर म्हने तुमच्याजवळ… काकू…”

“हाय, हाय. माह्याजवळच हाय. रडू नोको. नांदुऱ्याच्या स्टँडवर बसलो आमी. पोटभर दूध पेली, आता हसून राह्यली. थांब, तूच आइक.” त्यांनी फोन लेकराच्या तोंडाशी धरला. लेकरानं त्याला चाटून पाहिलं आणि मग “अग्गूऽ” असा एक लांब सूर काढला. फोनमधून रडणं वाढलं, पण ते रडणं निराळं होतं, हे बाजूला बसलेल्या वच्छलाबाईंनाही ऐकू आलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

त्या आईचं नाव समता. सोनाळ्याला माहेरी चालली होती. शेगावला गर्दी उतरली तेव्हा ती पुढं आली, लेकरू दिसेना, आणि ती गाडीभर लेकराला शोधत सुटली. हिंमतरावाचा फोन तिच्या गाडीच्या कंडक्टरला लागला तो त्याच वेळी. आता ती शेगावच्या स्टँडवर होती आणि तिला कोणीतरी गाडीतून घेऊन येत होतं.

ती आली ती एका धुळीनं भरलेल्या जीपमधून. डोणगावचे उत्तमराव नावाचे एक गृहस्थ बायकोसोबत शेगावला दर्शनाला आले होते. स्टँडबाहेर ही पोरगी रडताना दिसली, तर त्यांनी घरचा रस्ता सोडून जीप उलट्या बाजूला नांदुऱ्याकडे वळवली. जीप पूर्ण थांबायच्या आधीच समतानं दार उघडलं. धावत येऊन तिनं लेकराला ओढून घेतलं, छातीशी आवळलं, मग लांब धरून पाहिलं, पाय पाहिले, पाठ पाहिली, पुन्हा आवळलं. लेकराच्या अंगावर फ्रॉक नव्हता, परक्या बाईच्या साडीचा वास होता. आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडातून निघालं.

“तुमाले सांगता नाई आलं का, हे सोनाळ्याची गाडी नोहे म्हून? गाडी सुटली तवा आवाज नाई द्यायचा का? तशाच बसून राह्यल्या लेकरू घेऊन?”

वच्छलाबाईंनी श्वास आत घेतला. उत्तमराव जीपपाशीच थबकले. पुष्पाबाईंचा सगळा दिवस, उपाशी पोट, ओली साडी, त्या माणसाचं ते बोलणं, सगळं एकदम वर आलं. त्यांनी समताकडे पाहिलं. केस सुटले होते, एका पायात चप्पल नव्हती. ही माझ्यावर ओरडत नाही, त्यांना वाटलं. हिला कुठंतरी ओरडायचं आहे आणि समोर मी आहे. मीही तर मयुरीपाशी तेच करते.

“चुकलंच माह्यं,” त्या म्हणाल्या. “इचाराले पायजे होतं. ये, बस. आधी पानी पे.”

समता बसली नाही. ती उभ्याउभ्याच हमसून रडायला लागली आणि लेकरासकट पुष्पाबाईंच्या गळ्यात पडली. “मी काय बोलली काकू, मी काय बोलली तुमाले,” असं म्हणत राहिली. “काई नाई बोलली तू,” पुष्पाबाई म्हणत राहिल्या. मग त्यांनाही रडू आवरेना. पोलीसदादा दोघींची सही घ्यायला आला होता, तो थोडा वेळ तसाच उभा राहिला.

“नाव काय पोरीचं?” सगळं निवल्यावर पुष्पाबाईंनी विचारलं.

“महामाया.”

“एवढीशी पोरगी अन् एवढं मोठं नाव?”

“माह्या बाबांनी ठेवलं. बुद्धाच्या मायचं नाव हाय थे,” समता म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. उत्तमरावांच्या बायकोनं फराळाचा डबा उघडला आणि सगळ्यांनी बाकावर बसून चिवडा खाल्ला. उत्तमराव म्हणाले, आता निघालोच आहे तर पोरीला सोनाळ्याला पोचवूनच जातो. ‘डोणगाव तर पार दुसऱ्या टोकाला आहे,’ असं पोलीस म्हणाला, तर ते नुसते हसले.

पुष्पाबाई घरी पोचल्या तेव्हा उन्हं उतरली होती. दारात पाहुण्यांच्या चपला होत्या. आत काय वाढून ठेवलं असेल या धाकानं त्या उंबऱ्यापाशी क्षणभर थांबल्या. पण आतून हसण्याचा आवाज येत होता, आणि सोबत मटणाचा वास. त्यांच्या मटणाचा तो वास नव्हता. तो दुसराच होता, थोडा तिखट.

मयुरी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. सासूची मळलेली, वाळून कडक झालेली साडी पाहून म्हणाली, “आई, आधी आंघोळ करा. पाणी गरम ठेवलंय.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “रस्सा माझ्या आईसारखा झालाय. तुमच्यासारखा नाही जमला.”

पुष्पाबाई आंघोळ करून पंगतीला बसल्या. पहिला घास घेतला तेव्हा मयुरी वाढायचं थांबून त्यांच्याकडे पाहत होती. दिवसभर चिवड्याशिवाय काही न पडलेल्या पोटात तो रस्सा उतरला आणि कानशिलं गरम झाली. तिखट होता, पण चांगला होता. उगाच म्हणायचं म्हणून नव्हे, खरंच चांगला होता.

“अजून आन,” त्या म्हणाल्या. “अन् पुढच्या रविवारी बी तूच कर.”

मयुरीनं मान खाली घालून वाढलं. तिची आई लेकीकडे पाहत होती, आणि तिच्या खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं ती मागं टेकून बसली.

जेवणं चालू असतानाच फोन वाजला. सोनाळ्याहून समताचे वडील जानराव बोलत होते. “पोचली हो बाई पोरगी. दोघी पोचल्या. महामाया झोपली आता.” मग म्हणाले, “तुमी जेवल्या का?”

“जेवून राह्यलो,” पुष्पाबाई म्हणाल्या. “तुमी बी जेवा आता, भाऊ.”

“कोन होतं?” मयुरीच्या आईनं विचारलं.

पुष्पाबाईंनी फोन बाजूला ठेवला, पाय जरा लांब केले आणि म्हणाल्या, “बसा, सांगतो. मयुरी, तू बी ताट घेऊन बस, उभी नोको राहू.” मयुरी ताट घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली, आणि पुष्पाबाईंनी खामगावच्या त्या खिडकीपासून सांगायला सुरुवात केली.